बिल्ला नसलेली सायकल

भोईवाड्यातला तो सायकलवाला सायकल आधी बघायचाच नाही. नखाने दांडीवर टिचकी मारायचा आणि मान वाकडी करून ऐकत राहायचा.

दुरुस्त करून विकायला म्हणून एका दूधवाल्याशी घासाघीस करून मी जुनी सायकल उचलली होती. अंगावर काळ्या रंगाचे थर, मागे जड कॅरियर. टिचकी मारून तो म्हणाला, "शेट, ही रेसची हाय, विलायती. बिचारीला दुधाला जुंपलीय."

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. हरताळाला तो दुकान बंद ठेवायचा, पण फळ्यांच्या आड बसून माझ्या सायकलीचा रंग खरवडायचा. "गिऱ्हाइकाचं काम बंद. हे माझं चाललंय," म्हणायचा.

आतून हलका, सुरेख सांगाडा निघाला. कंपनीचा बिल्ला मात्र गेलेला. हँडलखाली नुसती दोन भोकं. माझ्या गिऱ्हाइकाला नाव हवं होतं. मी चोरबाजारातून एका नामांकित कंपनीचा बिल्ला आणून दिला.

"ही तेंची नाय."

"मग कोणाची?"

"ठाऊक नाय."

"मग लाव की मुकाट्याने!"

पुढच्या खेपेला गेलो, तर दोन्ही भोकं पितळेचा डाख देऊन बुजवलेली, वर कानस मारून सपाट केलेली. मी दुकान डोक्यावर घेतलं. तो चाकात हवा भरत म्हणाला, "ओरडा शेट, पण एकदा बसून बघा."

गिऱ्हाईक गेलंच. सायकल माझी, भोकं माझी, त्याला काय अधिकार होता? रोज ठरवतो, वाटेत उतरून पुन्हा भांडायचं. पण ती अशी सुटते, की त्याचं दुकान कधी मागे पडलं ते कळतच नाही.