खुणेचा रकाना

भीमराज साळवे जिलेबी खात नाही. लग्नाच्या पंगतीत पानात पडली तर तो पान तसंच सोडून उठतो. वाढणाऱ्याला वाटतं, साखरेचा आजार असेल. तसं काही नाही. त्याला ती बघूनच मळमळतं, आणि ते कशामुळे हे मला माहीत आहे, कारण नागापूरला त्याच्या दुकानाला लागूनच माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान होतं. मधे पत्र्याची एकच भिंत. त्याच्याकडे काय चाललंय ते मला न बघताही कळायचं.

भीमराज मूळचा कोल्हारचा. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. यानं आयटीआय केलं, दोन वर्षं एमआयडीसीत जळालेल्या विजेच्या मोटारींना नवी तार भरून दिली, मग पुण्याला जाऊन कॉम्प्युटर शिकून आला. पंचाण्णव साली आमच्या पट्ट्यात कॉम्प्युटर उघडून दुरुस्त करणारा तो पहिला. कारखान्यांची पगारपत्रकं, दवाखान्यांच्या नोंदी, यासाठी तो फॉक्सप्रोत प्रोग्राम लिहून द्यायचा. हात फार नेटका. प्रोग्राम सुरू झाला की पहिल्या पडद्यावर चौकटीत अक्षरं यायची: ‘भीमराज साळवे, नागापूर’. त्याचा त्याला अभिमान होता.

मनमाड रस्त्यावर एका डॉक्टरांचा सोनोग्राफीचा दवाखाना होता. त्यांच्या भावानं अमेरिकेहून लॅपटॉप आणून दिला होता. तेव्हा लॅपटॉप म्हणजे बघायला माणसं यायची. शहाण्णव साली त्यावर पेशंटच्या नोंदींचा प्रोग्राम भीमराजनंच करून दिला. नाव, गाव, वय, मुलं किती, तपासणीची तारीख. सगळं झाल्यावर डॉक्टर म्हणाले, “एका अक्षराचा अजून एक रकाना ठेव. माझ्या खुणेसाठी.”

यानं विचारलं, “मथळा काय देऊ?”

“काही नको. खूण म्हण.”

यानं दिला ठेवून. काय खूण, कसली खूण, त्यानं विचारलं नाही.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर तो लॅपटॉप टेबलावरून पडला आणि पडदा फुटला. डॉक्टरांनी नवा मोठा कॉम्प्युटर घेतला. जुन्या नोंदी नव्यावर चढवून देऊ का, असं भीमराजनं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, “नको. जुनं सगळं पुसून टाक. ते भंगार तूच घेऊन जा.”

भीमराजला ते भंगार वाटलं नाही. तेव्हा एका कंपनीचा डेटा सुरक्षित ठेवायचा तर तीस-तीस फ्लॉप्या लागायच्या आणि पावसाळ्यात त्यांना बुरशी यायची. सत्ताविसावी फ्लॉपी खराब निघाली की आधीच्या सव्वीस फुकट. लॅपटॉप फुटला तरी आतली हार्ड डिस्क शाबूत होती, तळहातावर मावेल एवढी. ती बाहेर काढून डब्यात बसवली आणि प्रिंटरची केबल लागते त्या मागच्या खाचेत जोडली, तर कुठल्याही कॉम्प्युटरचा माल तिच्यात भरून पिशवीतून नेता येणार होता. त्यासाठी लागणारी छोटी पट्टी त्यानं मुंबईहून मागवली. डिस्कला पाच व्होल्ट लागतात, म्हणून जुन्या टेपरेकॉर्डरचा चार्जर फोडून त्यातून तसा पुरवठा बसवला.

डबा करून दिला भागवतनं. भागवत पुणतांब्याचा, घरची गोदाकाठची शेती, आणि नागापूरला फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डर. दोघांची आयटीआयपासूनची मैत्री. एकमेकांच्या घरी उठबस, जेवणखाण. भागवतनं पत्रा वाकवून, कडा घासून, वर वारा जायला भोकं पाडून सुबक डबा आणून दिला.

दुपारी वीज आल्यावर भीमराजनं डिस्क जोडली. मला हाक मारली, “ताई, या, गंमत बघा.” मी गेले. डिस्क बारीक कुरकुरली आणि पडद्यावर यादी आली. पुसण्याआधी ती नीट वाचली जातेय ना हे बघायला त्यानं स्वतःचाच प्रोग्राम उघडला. चौकट आली, नाव आलं. तो हसला. मग नोंदी आल्या.

खुणेच्या रकान्यात दोनच अक्षरं होती. कुठे पी, कुठे जे.

तो वर-खाली करत राहिला. पी लिहिलेल्या बायका महिन्यानं परत आलेल्या, पुन्हा दोन महिन्यांनी, थेट बाळंतपणापर्यंत. जे लिहिलेल्या बाईची आठ दिवसांच्या आत एकच तारीख पुढे टाकलेली, आणि मग काही नाही. वर्षभरानं तेच नाव पुन्हा यायचं. पुन्हा जे. पुन्हा आठ दिवसांत तारीख. ‘मुलं किती’च्या रकान्यात त्यांच्यापुढे बहुतेक एक मुलगी, दोन मुली असं होतं.

“ताई,” तो सावकाश म्हणाला, “त्यांचा कंपाउंडर एकदा फोनवर म्हणत हुता, तुमची जिलेबी हाय, उद्या घेऊन या. मला वाटलं, फराळाचं चाललंय. मी हसलो हुतो.”

पी म्हणजे पेढा. हे कोणी सांगायची गरज उरली नाही. मुलगा की मुलगी हे पोटात असताना सांगायला कायद्यानं बंदी होऊन तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. बंदी आली आणि शब्द बदलले, एवढंच.

भीमराज उठून मागच्या नळावर गेला. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. परत आला, बसला, पुन्हा उठून धुवून आला. “कसा ओळीत लावलाय बघा,” तो म्हणाला. “एक अक्षराचा रकाना, अगदी मापात. माझंच काम.” त्याच्या तोंडावर अशी किळस होती, जणू त्याच्या स्वतःच्या जेवणात काहीतरी मेलेलं सापडलंय.

डिस्क बंद करायच्या आधी त्यानं पुणतांबा हे गाव शोधलं. का शोधलं, ते मी विचारलं नाही. पुणतांब्याची बरीच नावं होती. त्यांत मनकर्णा. भागवतची बायको. तीनदा. शहाण्णवचा जुलै, सत्त्याण्णवचा एप्रिल, अठ्ठ्याण्णवचा फेब्रुवारी. तिन्हींपुढे जे.

तिचं बाळ पोटात टिकत नाही, असं आम्हा सगळ्यांना भागवत सांगत आला होता. भीमराजची बायको माधुरी प्रत्येक वेळी डबा घेऊन तिला भेटायला गेली होती. दुसऱ्या वेळी तर चार दिवस तिथे राहून तिची मुलगी राजेश्वरी सांभाळली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भीमराज शेडवर गेला. काय झालं ते त्यानं मला परत आल्यावर उभ्याउभ्याच सांगितलं. भागवत चष्मा वर करून म्हणाला, “तुला डबा वस्तू ठेवायला करून दिला. दुसऱ्याच्या घरात डोकवायला न्हाई.”

“वहिनीला माहीत हुतं?”

“दोनदा सांगूनच केलं. तिसऱ्यांदा ती ऐकंना. मग आईनं आन डॉक्टरनं मिळून काढला मार्ग. कागदावर सही माझीच लागती, मी केली.” आणि मग त्यानं विचारलं, “चहा घेतो का?”

“चहा घेतो का म्हणाला, ताई,” भीमराज मला सांगत होता. “सही केली म्हणाला आन चहा घेतो का म्हणाला. मी त्याच्या ताटात जेवलोय हो.” तो बाहेर जाऊन गटारीत थुंकला. तीन-चार वेळा थुंकला. मी कधी त्याला रस्त्यावर थुंकताना बघितलं नव्हतं.

भागवतनं घरी जाऊन मनकर्णेला बजावलं, साळव्यांच्या घरी पाऊल टाकायचं नाही. कारण सांगितलं नाही. मनकर्णा शहाणी होती, आणि डॉक्टरच्या मशीनमध्ये बायकांची नावं निघाल्याची कुजबुज शेडवरून तिच्या कानावर आलीच होती. कारण विचारायला ती तिसऱ्याच दिवशी थेट साळव्यांच्या घरीच आली, राजेश्वरीला कडेवर घेऊन. माधुरीनं मला बोलावून घेतलं.

मनकर्णा भिंतीला टेकून बसली. पाणी दिलं ते घेतलं नाही. “भावजी, त्या डाक्टरच्या मशीनमदी माझं नाव हाय का?”

भीमराज खाली बघत म्हणाला, “हाय, वहिनी.”

“किती येळा?”

माधुरीनं त्याच्याकडे बघितलं. “सांगा अहो. तिचंच आहे ते.”

“तीनदा. तिसऱ्या येळंला तुमच्या सासूनं आन डॉक्टरनं मिळून मार्ग काढला, भागवतच म्हणाला.”

“तिसरीचं ठोकं बंद पडल्यात, म्हनाला हुता डाक्टर मला. आत्याबाई रडल्या बी माझ्यासंगं. म्हंजी जित्ती हुती.” राजेश्वरी तिच्या बांगड्यांशी खेळत होती. “पहिल्या दोन्ही येळंला मला इचारलं. मी हूं म्हनाले. ते माझं पाप, ते मी कुनावर घालत न्हाई. पर तिसरीला मी न्हाई म्हनाले हुते.”

मग ती म्हणाली, “लिवा कुटं लिवायचं ते. माझं नाव घाला.”

तक्रार मी टाइप केली. भीमराजचं म्हणणं होतं, सगळीच यादी जोडायची. चारशेच्या वर बायका होत्या. माधुरी आडवी आली. “त्या बायकांना आधी घरात फाडलंय. आता चावडीवर नका फाडू. ज्या बाईनं स्वतः सांगितलं तिचंच नाव जाईल.” ते त्याला पटलं. अर्जात एकट्या मनकर्णेचं नाव गेलं. डिस्क डब्यासकट पांढऱ्या कापडात शिवून, लाखेची मोहर लावून सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांकडे जमा झाली.

आठवड्यानं डॉक्टर स्वतः गाडीनं आमच्या गल्लीत आले. पांढरा शर्ट, तोंडात वेलदोडा. पत्र्याच्या भिंतीपलीकडून मला एकेक शब्द ऐकू येत होता. आवाज जरासुद्धा चढला नाही त्यांचा.

“भीमराज, प्रोग्राम कोणी लिहिला? पहिल्या पडद्यावर नाव कोणाचं आहे?”

“माझं हाय.”

“मग रकाना तुझा, खूण तुझी. अक्षरं मी टाकली हे कशावरून? मी म्हणेन, तूच भरलंस सगळं. आणि एक सांगतो. तुला आम्ही पार घरातपर्यंत येऊ दिलं. आमच्या कपातून चहा दिला. त्याची अशी परतफेड?”

“तो चहा मला आता आठवतोय,” भीमराज म्हणाला. “तुमी जावा.”

“लोक माझ्याकडे हात जोडून येतात रे. मी कोणाला बोलवायला जात नाही.”

“जावा.”

ते गेल्यावर त्यानं ते बसलेली खुर्ची बाहेर काढून धुतली. मला त्या वेळी ते जरा अतीच वाटलं होतं. आता वाटत नाही.

पुढे चौकशी लागली. मशीन साडेचार महिने बंद राहिलं. डॉक्टर जे बोलले होते तेच त्यांच्या वकिलानं मांडलं: नोंदी बनावट, प्रोग्राम करणाऱ्याच्या हातच्या. भीमराजला सहा वेळा बोलावलं आणि त्याच्यावरच उलटे प्रश्न झाले. पण मनकर्णा जबाबातून हलली नाही. सासू येऊन पाया पडली, दीर धमकावून गेला, तरी तिनं तारीख, वार, तिला टेबलावर धरणारी नर्स, सगळं जसंच्या तसं सांगितलं. दवाखान्याच्या रजिस्टरात तीच तारीख वेगळ्या कारणाखाली सापडली. त्यावरून दवाखान्याची परवानगी गेली. खटला मात्र नुसता तारखांवर चालत राहिला. वर्ष उलटायच्या आत दुसऱ्या तालुक्यात डॉक्टरांच्या मेव्हण्याच्या नावाची पाटी लागली आणि आत बसणारे हेच, असं लोक सांगू लागले. तिथेही गर्दी असते म्हणे.

भीमराजची दवाखान्यांची सगळी कामं तुटली. कोणी भांडलं नाही, फक्त बोलावणं थांबलं. गल्लीतल्या लोकांचं म्हणणं, भागवतच्या घरचं झाकलेलं उघड करायला नको होतं, आणि काहींनी त्याला जातीचाही रंग दिला. तो दुकान मोडून एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला. आता यंत्रं दुरुस्त करतो. कोणाच्याही नोंदी ठेवायचं काम घेत नाही.

मनकर्णा राजेश्वरीला घेऊन माहेरी, कोल्हारला राहायला गेली. भावाच्या शेतात रोपवाटिका टाकली आहे, टोमॅटोची आणि मिरचीची. मागच्या महिन्यात मी तिच्याकडून रोपं आणली. हिशेबी बाई आहे, मोजून देते. राजेश्वरी पहिलीत जाते. कोणी मुलं किती असं विचारलं की मनकर्णा चार म्हणते, आणि समोरचा बाकीच्यांना शोधायला इकडेतिकडे बघायला लागला तरी ती पुढे काही सांगत नाही.