हिरवंच पिकणारं अंजीर

देगलूरच्या आमच्या गल्लीत गुरुबसप्पाएवढा थापाड्या शोधून सापडायचा नाही. हा रोपवाटिकावाला बाभळीचं रोपसुद्धा 'खास बिदरचं' म्हणून गळ्यात मारील. पण परवा कृषी महाविद्यालयाच्या राजकन्या मॅडम त्याच्या अंजिराचं वाण नोंदवायला आल्या, तशी स्वारी बावचळली.

पिकण्याचं मात्र त्याने धडाधड सांगितलं. "मॅडम, हे पिकलं तरी हिरवंच राहतंय. लोकं कच्चं समजून सोडतेत. रंग बघायचा न्हाई, मान बघायची. फळानं मान टाकली, बुडाला मधावानी थेंब आला, की तोडायचं. पावसाळ्यातलं आंबूस, होळीच्या आगंमागचं लई गोड."

"आणि मूळ झाड कुणाचं?"

गुरुबसप्पा गमछा झटकत बसला. गिऱ्हाइकांना तो आजोबांचं नाव सांगायचा. खरं तर झाडही आणि ही मानेची खूणही शेजारच्या चांदपाशा टेलरची. चांदपाशाच्या मयतीला सगळी गल्ली कब्रस्तानात गेलेली, तेव्हा या गड्याने कुंपणावरून फांदी छाटली. आणि गेल्या पावसाळ्यात तर कहरच केला. हे अंजीर दुसऱ्या कुणाकडे उरू नये म्हणून चांदपाशाच्या बायकोला, हुस्नाआपाला सांगितलं, "मुळाला कीड लागली आपा, भिंत पडंल." वर कुऱ्हाडही स्वतःच चालवली! तेव्हापासून त्याला स्वतःचं अंजीर गिळवेना. बायकोला म्हणायचा, शुगर वाढलीय.

मॅडमना बघायला हुस्नाआपा शेजारी आपल्या फाटकात येऊन उभी राहिली होती. गुरुबसप्पाने तिच्याकडे पाहिलं आणि एकदम म्हणाला, "चांदपाशा लिहा. झाड त्यांचं. फांदी म्या चोरली."

आपाने पदर डोळ्यांना लावला. "चोरली कशाची रे? तू नेली म्हणून वाचली. माझं झाड तर किडीनं खाल्लं. अल्ला तुझं भलं करो! आता एक रोप मला लावून दे. त्याच जागी."

"तिथं ऊन येत न्हाई आपा, तिकडं..."

"तिथंच!"

गेला बिचारा टिकाव घेऊन. हळूहळू, कडेकडेने खणायला लागला. तरी तिसऱ्या घावाला जुनं मूळ तुटलंच. मनगटाएवढं जाड, आणि त्यातून पांढरंशुभ्र दूध गळायला लागलं.

आपा खाली बसली. मूळ हातात घेऊन उलटंपालटं केलं. कुठे भोक नाही, भुसा नाही.

"गुरू, कीड कुठं हाय?"

"नव्हती, आपा."

बराच वेळ आपाच्या बोटांवर दूध वाळत राहिलं. मग ती उठली. "रोप लाव. फळ धरंस्तोवर रोज सकाळी पाणी तूच घालायचं. फाटक उघडं राहील. पर मला हाक मारायची न्हाई."

गुरुबसप्पाने रोप खड्ड्यात उभं केलं, हातांनीच माती दाबली आणि बादली घेऊन नळाकडे गेला.