'आपल्याला' म्हणजे कोणाला? ताडकळसचा एक रविवार

परभणी जिल्ह्यात फिरायला कुठे जावं, असं वाचक अधूनमधून विचारतात. मी सांगते, ताडकळसला जा, तेही आठवडी बाजाराच्या दिवशी. मी स्वतः पहिल्यांदा गेले ती मात्र बाजार बघायला नव्हे, मीच दिलेल्या एका शून्यापायी.

साल १९८६. साताऱ्याहून मी नुकतीच परभणीच्या एका शाळेत इतिहास शिकवायला आले होते. वय चोवीस, हातात बी.एड.ची पदवी आणि डोक्यात भरपूर हवा. सहामाहीला नववीच्या पेपरात एक गुणाचा प्रश्न घातला, 'आपल्याला स्वातंत्र्य केव्हा मिळाले?' ताडकळसहून रोज गाडीनं येणाऱ्या कल्पना नावाच्या मुलीनं लिहिलं, '१७ सप्टेंबर १९४८'. मी लाल शाईनं ठसठशीत शून्य दिलं. नेमकी त्या एका गुणानं ती इतिहासात नापास झाली.

दिवाळीची सुट्टी संपली, पण कल्पना काही आली नाही. तिची मैत्रीण म्हणाली, "बाई, तिच्या बापानं आधीच सांगितलं व्हतं, नापास झालीस की शाळा बंद." मुख्याध्यापक सोमवारी तिचं नाव पटावरून कमी करणार होते. मला चैन पडेना. वडिलांना समजवावं, पोरीकडून तारखा पाठ करून घ्याव्यात, असं ठरवून रविवारी सकाळी मी स्टँड गाठलं.

स्टँडच्या भिंतीवर मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा होत्या, एकीवर दुसरी रंगवलेली. लाल गाडी खच्चून भरली होती. शेजारी बसलेल्या बाईंच्या मांडीवर कोंबड्यांची पाटी होती. त्यांनी माझी चौकशी सुरू केली.

"गाव कोणतं तुमचं?"

"सातारा."

"मग हिकडं कामून आल्या?"

"इतिहास शिकवायला."

"आमचा?" त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमाला कोणी सांगितला?"

मी खिडकीबाहेर बघू लागले. दोन्ही बाजूंनी फुटलेला कापूस आणि शेंगांनी वाकलेली तूर होती. तासाभराचा रस्ता, पण खड्डे मोजायला पुरेसा होता. तिकीट किरकोळ होतं. आता रस्ता बरा आहे म्हणतात, तरी पावसाळ्यात जाणार असाल तर सांगते, ही काळी माती चप्पल ठेवून घेते. बाजारात उतरल्यावर आधी गरम भजी खा. मी दोनदा घेतली, कारण कल्पनाच्या घरी जायचं धाडस होत नव्हतं.

घर सापडलं तेव्हा ती धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पांढरी माती पसरत होती. मला बघून तिच्या हातातलं घमेलं खालीच आलं. मी पदर खोचून शिडी चढले. मातीत खापराचे लाल-काळे तुकडे होते, एक शंखाच्या बांगडीचा तुकडाही होता.

"ही माती कुठली गं?"

"पांढरीवरची. गावाबाहेर जुन्या वस्तीचं टेकाड हाय. ही माती घातली की धाबं गळत न्हाई." मग तिनं हळूच विचारलं, "बाई, हे सिंधू संस्कृतीचं हाय का?"

"नाही, ती फार लांब."

"मग हे कोणाचं?"

मला येत नव्हतं. मोहेंजोदडोची स्नानगृहं मी वर्गात विटा मोजून शिकवली होती, आणि इथं कुणाची तरी बांगडी माझ्या पायाखाली होती. मला हसू आलं आणि लाजही वाटली.

खाली तिचे आजोबा बसले होते. ते निजामाच्या काळात उर्दूत चौथी शिकलेले. वडील दाराशी उभे होते, चेहऱ्यावर रेषही हलत नव्हती. मिठात उकडलेल्या तुरीच्या ओल्या शेंगा समोर आल्या. मी शेंगा सोलत समजावू लागले, "आजोबा, इंग्रज गेले ती तारीख पंधरा ऑगस्ट..."

"इंग्रज आमी पाहिलाच न्हाई," आजोबा म्हणाले. "आमच्यावर निजाम. त्या पंधरा ऑगस्टला आमच्या गल्लीत एकानं तिरंगा लावला, तर त्याला धरून नेलं. पुढं वरीसभर लय लोकांनी लय सोसलं, हिकडच्यांनीबी अन् तिकडच्यांनीबी. मग भारताची फौज आली, पोलीस ॲक्शन झाली, तवा कुठं सतरा सप्टेंबरला आमी सुटलो."

"पण प्रश्न देशाचा होता."

आता कल्पना बोलली. "न्हाई बाई. 'भारताला' असतं तर मी पंधरा ऑगस्टच लिहिलं असतं. तुमी 'आपल्याला' विचारलं."

'आपल्याला' लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर सातारा होता. पुस्तकात मराठवाड्याचा भाग शेवटी होता, तो मी 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला होता.

वडील म्हणाले, "नापास पोरीला शिकवून काय करायचं, बाई?"

"ती पास आहे," मी म्हणाले. "चूक माझी झाली."

"मास्तर लोकबी चुकतेत?"

"चुकतात. मी चुकले."

ते दारातून आत आले. मग म्हणाले, "मंग सकाळच्या गाडीनं धाडतो."

परतीच्या गाडीत ओच्यात तुरीच्या शेंगा होत्या आणि मी एकटीच हसत होते. खोलीवर येऊन आधी तो पेपर काढला आणि शून्य खोडून एक गुण दिला. पुढे तीस वर्षं पेपर काढले, पण 'आपण' लिहिताना हात दर वेळी अडखळला. ताडकळसनं मला दिलं ते हे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

सोमवारी कल्पना दुसऱ्या बाकावर होती. मी सगळ्या वर्गासमोर चूक कबूल केली आणि फळ्यावर दोन्ही तारखा लिहिल्या. तिचा हात वर झाला.

"बाई, मग गोव्याच्या पोरींनी काय लिहायचं?"

मी पुन्हा खडू उचलला आणि खाली तिसरी तारीख लिहिली, '१९ डिसेंबर १९६१'.