रुमालाखालचं उत्तर

वाशीच्या फळबाजारातला तो साताऱ्याचा मुकादम आमच्या आरोग्य पाहणीत हमालांच्या अख्ख्या टोळीची उत्तरं स्वतःच द्यायचा. "एड्सबिड्स? ओ बाई, माझी पोरं तसल्या वस्तीत जात न्हाईत. लिवा, न्हाई!" हमाल खाली बघून हसायचे. मी काही लिहीत नसे. खोट्या उत्तरांवरून औषधपाणी ठरत नाही.

शेवटी मी बाजाराचीच रीत उचलली. दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, तसा मी डब्यावर रुमाल टाकला आणि त्याखाली डब्याशेजारी चिंचोके नि शेंगदाणे ठेवले. वस्तीत गेला असाल तर रुमालाखालचा चिंचोका डब्यात टाकायचा, नसाल तर शेंगदाणा.

"मुकादम, आधी तुम्ही."

रुमालाखाली त्याचा हात बराच वेळ राहिला. मग मला बाजूला घेऊन पुटपुटला, "ताई, रक्त तपासायला कुठं जायचं?"

मला हायसं वाटलं. हा तपासणीला गेला, की टोळी मागोमाग जाणार.