मामांचे सहा किलोमीटर

चौथा किलोमीटर संपला तेव्हा खडीवरून चालून माझ्या टाचेला फोड आला होता. मामा हातोडा खांद्यावर टाकून दहा पावलं पुढे. रेल्वेच्या या नव्या तिसऱ्या लाइनवर गाड्या अजून सुरू व्हायच्या होत्या, म्हणून मामांच्या साहेबांनी मला बरोबर जाऊ दिलं होतं.

मामा मागे वळले. "दमल्या का मास्तरीणबाई?"

"तुम्ही चालता की धावता मामा?"

"अगं, पगार चालण्याचाच मिळतो मला."

माझे मामा रेल्वेत चावीवाले. रोज आपल्या वाटणीचे सहा किलोमीटर चालायचे, हातोडा मारून आवाज ऐकायचा, रूळ धरून ठेवणारी क्लिप ढिली वाटली तर ठोकून बसवायची. एकतीस वर्षं हेच काम. ते नोकरीला लागले तेव्हा एकच लाइन होती, दिवसाला सहा गाड्या आणि स्टेशन म्हणजे पत्र्याची शेड. मग दुसरी लाइन आली, वीज आली, दोन्ही बाजूंना इमारती उठल्या. मामा कशालाच बिचकले नाहीत. रुळांखालचे आडवे लाकडी स्लीपर काढून सिमेंटचे टाकले तेव्हा मात्र त्यांची फजिती झाली. नवे स्लीपर जरा जवळ जवळ, आणि पावलं बसलेली जुन्या अंतराला. आठवडाभर ठेचकाळत होते. शेवटी अंगणात खडूने रेघा मारून त्यांनी संध्याकाळी चालायचा सराव केला. मामी दारातून म्हणायची, "बघा, नवरा माझा, पण चाल रेल्वेची!"

एवढ्या वर्षांत त्यांच्या भागात रुळाच्या दोषामुळे एकही गाडी अडली नाही. मी त्याला देवाची कृपा म्हणते. मामा म्हणतात, "देव आहेच गं. पण तोही म्हणत असेल, ह्याच्या भागाकडे आपण नाही बघितलं तरी चालतंय."

पुढच्या महिन्यात तिसरी लाइन सुरू होणार होती. पहिल्या गाडीआधी ती तपासत जाण्याचा मान मामांचा, असं साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. घरात तेव्हापासून दुसरा विषय नव्हता.

इतक्यात शेजारच्या लाइनवर मागून गाडी आली. भोंगा असा वाजला की मी दचकून बाजूला झाले. मामा वळलेसुद्धा नाहीत. गाडीच्या वाऱ्याने टोपी उडायला लागली तेव्हा त्यांनी आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. सकाळपासून ते माझ्या तोंडाकडे बघूनच का बोलत होते, ते मला तेव्हा उमगलं.

त्यांनी रुळावर हातोडा मारला. "कसा वाजला?"

"खणखणीत."

थोडं पुढे जाऊन पुन्हा मारला. "आणि हा?"

"हा जरा बद्द वाटला, मामा."

ते उकिडवे बसले. क्लिप हाताने हलवून बघितली. ढिली होती. दोन घाव घालून बसवली आणि तिथेच बसून राहिले.

"मला दोन्ही सारखेच वाटले," ते म्हणाले.

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि त्यांच्यासमोर जाऊन बसले. "महिन्याचाच तर प्रश्न आहे, मामा. एवढा मान घेऊन मग थांबा. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना!"

मग रुमालाने हातोडा पुसत म्हणाले, "घरी गेल्यावर मला एक अर्ज लिहून दे. उद्यापासून मला लाइनवर पाठवू नका म्हणून. तुझं अक्षर वळणदार आहे. आणि हे बघ, 'कमी ऐकू येतं' असलं मुळमुळीत लिहू नकोस. 'ऐकू येत नाही' असं स्वच्छ लिही."