गिरजाबाईच्या वावरातली हजेरी

गेल्या मंगळवारी भर दुपारी मी तुरीच्या ओळीआड उकिडवा बसून एका बाईचं वेड तपासत होतो. सरकारनं मला पोरांचे पेपर तपासायला नेमलंय, पण खेड्यातल्या हेडमास्तराला काय काय तपासावं लागतं ते सरकारला कुठून कळणार...

गाव राळेगाव तालुक्यातलं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षं झाली, तरी आमची एस.टी. अजून नाल्याच्या अलीकडेच थांबते. नाल्यापलीकडे गिरजाबाईचं पाच एकर कपाशीचं वावर, आणि वावराला लागून जंगल.

गिरजाबाई विधवा, मागे-पुढे कुणी नाही. दिवाळीपासून ती एकटीच कापूस वेचते आणि वेचता वेचता मोठमोठ्यानं कुणाशी तरी बोलते, हाका मारते, शिव्या घालते. वावरात दुसरं चिटपाखरू नसतं.

सोमवारी तिचा दीर देवराव अर्ज घेऊन शाळेत आला. वहिनीला वेड लागलंय, नागपूरला वेड्यांच्या इस्पितळात पाठवावं, वावराची देखभाल आपण स्वतः करू... इतकं निःस्वार्थी लिखाण बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. पोलीस पाटलाची सही झाली होती. माझी तेवढी राहिली होती.

खरं सांगतो, मी सही करणारच होतो. शाळेच्या ओसरीवरून तिच्या हाका मीही ऐकायचो, आणि एकदा वर्गाला हसवायला तिची नक्कलही केली होती. फक्त एकदा जवळून ऐकावं, म्हणजे मनाला टोचणी नको, एवढाच हिशेब...

देवराव नाल्यापर्यंत सोबत आला आणि तिथेच थांबला. "तुमी व्हा पुढं मास्तर, मी हावो इथं." मला तेव्हाच शंका यायला हवी होती. याच नाल्यावर दिवाळीत वाघानं दोन गाई नेल्या आणि वेचणाऱ्या बायांनी पलीकडे जाणं सोडलं, हे मला ठाऊक होतं. पण वाघ दुपारी झोपतो असं मीच पोरांना शिकवतो ना...

तर मी तुरीत दडलो. वेचणीला बाया रांगेनं लागतात, प्रत्येकीची एक ओळ, आणि मागे पडेल तिला बाकीच्या चिडवतात. गिरजाबाई नेमकं तेच करत होती, फक्त बाया नव्हत्या.

"शेवंते, मागं राह्यली वं तू! अनुसये, तिले हात दे जरा." मग थांबायची, कुणीतरी उत्तर दिल्यासारखी हसायची. शेवंता गेल्या वर्षी वारली. अनुसया मुलीकडे दारव्ह्याला गेली. मनातल्या मनात मी सही करूनही टाकली.

आणि एकाएकी ती गप्प झाली.

जंगलाच्या कडेला माकडं खेकसू लागली, मग तीही थांबली. वाऱ्याची झुळूक नाही, आणि माझ्या पाठीमागे तूर हलली. जनावराचा उग्र वास आला. मी आणखीच खाली वाकलो.

गिरजाबाई ताठ उभी राहिली. मान न वळवता, अगदी मघाच्याच सुरात म्हणाली, "मास्तर, उठा. वाकून नका बसू. उभे राहा अन् बोला."

बोलू काय? "शाळेत बोलता तेच बोला," ती म्हणाली.

मग मी आयुष्यातली सगळ्यात मोठी हजेरी घेतली. "एक नंबर, किसन!" आणि कपाशीतून बारीक आवाज आला, "हजर!" "दोन नंबर, सुलोचना!" या खेपेला जाड आवाज, "हजर!" ती एकटी बाई माझ्या अख्ख्या वर्गाचं उत्तर देत होती, आणि मी घशाच्या शिरा ताणून, समोर नसलेल्या पोरांना हाका मारत होतो...

एकोणीस नंबरला तुरीचे शेंडे पुन्हा हलले. हलत हलत जंगलाकडे गेले. मी वाघ पाहिला नाही, पण हजेरी मात्र एकेचाळीसपर्यंत पुरी केली. थांबायची छातीच झाली नाही.

नाल्याकडे परतताना तिनं समजावलं, वर्गातल्या मठ्ठ पोराला समजावतात तसं. "वाकल्या माणसाले तो ढोर समजते. एकटी बाई बी वळखते. म्हून चार जणीचा आवाज लागते." मी चाचरत विचारलं, पण शेवंता तर... ती म्हणाली, "मेली काय अन् जिती काय मास्तर, वाघाले का नावं मालूम हायेत?"

नाल्यावर देवराव नव्हता. बहुधा वहिनीच्या काळजीनं आधीच घरी गेला असावा.

त्याच्या अर्जावर मी सही केली नाही, शेरा मारला. त्या दिवशी त्याच वावरात मीही हजर नसलेल्या एकेचाळीस जणांना ओरडून हाका मारल्या आहेत, तरी बाईंना पाठवायचं झाल्यास सोबत हेडमास्तरालाही पाठवावं. अर्ज अजून देवरावच्या घरीच आहे म्हणतात.

माणसं समोर नसलेल्यांशी का बोलतात, यावर मी पूर्वी फार विनोद करायचो. आता करत नाही. वेचणी अजून संपलेली नाही, वाघही कुठे गेलेला नाही... तिचा आवाज ऐकू येतो तोवर मी फळ्यावर लिहितो, मधेच थांबला की माझा खडूही थांबतो.

काल त्या हाकांत एक नवं नाव आलं. "मास्तर, मागं राह्यले तुमी!"

वर्ग हसला. मी ओसरीवर जाऊन, जमेल तेवढ्या मोठ्यानं, "हजर!" म्हणालो.