आत्याचा कुलपाचा खण

आईचा फोन आला तेव्हा मी नागपूरला ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. "गुड्डे, आत्या गेली," एवढंच म्हणाली. मी विचारलं, "कुठं?" खरंच, असं विचारलं मी... कारण आत्या नेहमी कुठंतरी गेलेलीच असायची, देवळात नाहीतर कोणाच्या बाळंतिणीकडे. सकाळी अंगणात चादर वाळत घालता घालता खाली बसली, ती उठलीच नाही. दीड महिना झाला. भराभरा लिहून टाकते, थांबले तर लिहिणारच नाही.

सुमनआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. अख्खी नोकरी सेवाग्रामला, दवाखान्यात चादरींच्या स्टोअरला. तिनं घडी घातली की चारही कोपरे एकावर एक, इस्त्रीची गरजच नाही! कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. लहानपणी मला तो इतका भारी वाटायचा, मी विचारायचे, "आत्या, हे सगळं तुझं?" ती हसायची, "माह्यं कायचं वं, पेशंटचं हाय." क्वार्टरमध्ये आणखी दोघींसोबत राहायची, तिघींत एक कपाट. रिटायर झाली, जुडगा जमा केला आणि एक ट्रंक घेऊन केळझरला आमच्या घरी आली. माझ्याच खोलीत. नागपूरला मी घरूनच जाऊन-येऊन करते.

आमचं घर जुनं, मातीच्या भिंती दीड हात जाड. माझ्या खोलीतून शेजारच्या खोलीत जायचं एक दार कित्येक वर्षं बंदच होतं. मागच्या वर्षी माझ्या डोक्यात आलं, त्या दाराच्या जागी भिंतीतच कपाट करू! खालपासून वरपर्यंत, पांढरी दारं, अर्धं माझं, अर्धं आत्याचं. फोनवर चित्र काढलं, फॅमिली ग्रुपवर टाकलं, सगळ्यांचे अंगठे आले. वामनकाका मिस्त्री माप घ्यायला आले तर टेपचं दुसरं टोक आत्यानं धरलं. काका म्हणाले, "बेटा, भिंत वरतून दोन बोटं झुकली हाय, सरळ कपाट तिरपं दिसन." आत्या म्हणाली, "दिसू द्या, आमी बी तिरपेच हावो." मी खो खो हसले.

दोन दिवसांनी दुपारी शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, "गुड्डे, माह्या भागात एक खन कुलपाचा ठेवजो."

"काऊन? घरात कोन चोर हाय?"

"चोराचं नाई वं... असंच."

माझं हसणं संपायच्या आत ग्रुपवर बोटं चालू झाली होती. 'ब्रेकिंग न्यूज!! आत्याला लॉकर पाहिजे!! काय लपवून राह्यली आत्या???' अमरावतीचे काका म्हणाले, सोनं दिसते. माझ्या मामेभावानं लिहिलं, प्रेमपत्रं असतील. हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. आत्याही त्या ग्रुपवर होती, फोन मीच शिकवला होता तिला. तिनंही एक हसरा चेहरा टाकला. एकच. जेवताना म्हणाली, "राहू दे वं, उगीच दाराले भोक." आणि मला... लिहायलाही लाज वाटते... मला बरंच वाटलं. पांढऱ्या दारावर किल्लीचं छिद्र मला नकोच होतं.

कपाट झालं. मी व्हिडिओ केला, 'हा माझा भाग, हा आत्याचा' म्हणून. तिच्या भागात काय आहे ते मात्र एकदाही उघडून पाहिलं नाही. तेरवी झाल्यावर उघडलं. पाहुण्यांच्या चादरी, बाबांचे स्वेटर, मलमलीत गुंडाळलेला आईचा शालू, उशीच्या अभ्र्यात माझी शाळेची सर्टिफिकेटं. सगळं तिच्या घडीत, कोपऱ्याला कोपरा. तिचं स्वतःचं काहीच नाही. तिच्या साड्या होत्या तिथंच होत्या, खाटेखाली ट्रंकेत. आणि मी जगाला सांगत फिरले होते, अर्धं-अर्धं म्हणून!

मागच्या आठवड्यात वामनकाकांना फोन केला, "काका, त्या एका खणाला आता कुलूप बसन का?" ते आले आणि पिशवीतून एक कागदाची पुडी काढली. आत छोटं पितळी कुलूप, दोन किल्ल्या.

"हे आत्याबाईनंच आनून देल्लं व्हतं. सेलूवरून. तुमाले इचारायच्या आधीच. मंग म्हनल्या, पोरीले नाई आवडत, राहू द्या. म्या म्हटलं, वापस घेऊन जा. तं म्हनल्या, तुमच्यापाशीच असू द्या, घरी नेलं तं पोट्टी फोटो काढून टाकते."

मी भिंतीकडे तोंड केलं. तसंच विचारलं, "काय ठेवायचं होतं तिले? काई बोलली?"

"नाई," काका म्हणाले. "म्या इचारलं बी नाई."

पांढऱ्या दारात भोक पाडलं त्यांनी, कुलूप बसवलं, भुसा झाडून गेले. मी तो खण रिकामा केला, पुसला, किल्ली फिरवली.

काल आई गोधड्या घेऊन आली. "तो खन रिकामाच हाय ना? खोल."

"तो आत्याचा हाय."

"पन हाय काय त्यात?"

"मले नाई माहीत," मी म्हटलं.

आईनं गोधड्या कडेवर सावरल्या. मग त्या तिनं माझ्या भागात ठेवल्या.